लवकर येणारी सम

‘घरी दहापैकी दहा. बाहेर तीनपैकी शून्य.’

माझ्या नातीने, निहिराने, हे गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं आणि वही माझ्यासमोर सरकवली.

“आजोबा, तुम्ही पुलांचे डॉक्टर होतात ना? मग सांगा, असं का होतं?”

मी काही डॉक्टर नव्हतो. मी पुलांची कंपनं मोजायचो. ट्रक गेला की पूल किती थरथरतो हे यंत्र लावून बघायचं आणि भेग कुठे पडते आहे ते शोधायचं. पस्तीस वर्षं तेच काम केलं. तबल्यातलं मला काही कळत नाही. आमच्या घरात ते सुवर्णाला कळायचं. सुवर्णा म्हणजे माझी बायको, निहिराची आजी. ती जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. त्यामुळे प्रश्न माझ्याकडे आला.

आधी कोडं नीट समजून घेऊ.

तबला एकट्याने वाजवायचा असतो तेव्हा सोबत पेटीवर लेहरा लागतो. लेहरा (एकच छोटी सुरावट, जी न थांबता फिरत राहते) हे तबला वाजवणाऱ्याचं घड्याळ असतं. तीनतालात सोळा मात्रा असतात. सोळा झाल्या की पुन्हा पहिली. त्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. तबला वाजवणारा मध्ये कितीही अवघड वाजवो, शेवटी त्याला समेवर यायचं असतं, आणि पेटीही त्याच क्षणी तिथे येते. दोघं एकदम आले की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. न कळणाऱ्याचीसुद्धा. माझी हलते.

समेवर येण्याची एक रीत म्हणजे तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि त्याचा शेवटचा ठोका समेवर आणायचा). निहिराच्या तिहाईतला तुकडा दोन मात्रांचा होता आणि त्याच्यापुढे एक ‘धा’. धा वाजल्यापासून दीड मात्रा पुरी होईपर्यंत पुढचा तुकडा सुरू करायचा नाही. या ठरवून थांबण्याला दम म्हणतात. बेरीज करून बघा: दोन, दीड, दोन, दीड, दोन. नऊ झाले. म्हणून आठव्या मात्रेला सुरुवात करायची. आठ ते सोळा अशा नऊ मात्रा संपतात आणि शेवटचा धा समेवर पडतो.

कागदावर सोपं आहे. निहिराला घरीही सोपं होतं. पण एकदा शाळेत आणि दोनदा तडवी सरांच्या तबल्याच्या वर्गात ती समेच्या आधीच येऊन आदळली. पेटी अजून वाटेत होती.

“अगं, तू समेच्या घरी जेवायला फार लवकर पोचतेस,” सर तिला म्हणाले. “ती बिचारी अजून आंघोळीला गेलेली असते.”

वर्गातली सगळी मुलं हसली. निहिरापण हसली. घरी येताना वीजबसमध्ये मात्र ती खिडकीकडे तोंड करून बसली.

सरांच्या विद्यार्थ्यांचं वादन पाच आठवड्यांवर आलं होतं. निहिराला दहा मिनिटं एकटीने वाजवायचं होतं. बस देवपूरला आमच्या थांब्यावर आली तेव्हा ती म्हणाली, “आजोबा, या वेळी चुकलं तर मी तबला बंद करणार.”

निहिरा उगाच धमक्या देणारी नाही. पाच वर्षांची असताना तिने सांगितलं होतं की मी भेंडी खाणार नाही. आता ती बारा वर्षांची आहे, आणि अजून खाल्लेली नाही.

भेग शोधायची असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मला माझ्या कामाने शिकवलं होतं.

पहिला संशय तबल्यावर. मी सरांचा तबला एक दिवसासाठी घरी आणला. निहिरा त्याच्यावर बसली. तिहाई बरोबर.

दुसरा संशय माणसांवर. लोक समोर असले की घाबरतेस का, असं मी विचारलं. “घाबरते,” ती म्हणाली. मग आम्ही एका दुपारी सरांच्या रिकाम्या वर्गात गेलो. तिथे भिंतीत बसवलेलं लेहऱ्याचं साधं यंत्र आहे. ऐकायला कोणी नव्हतं. मी पण दाराबाहेर उभा राहिलो. तिहाई चुकली. म्हणजे लोकांची भीती असेल, पण एकट्या भीतीचं हे काम नव्हतं.

मग काय राहिलं? तबला बदलून झाला, माणसं काढून झाली. घरी होती आणि तिथे नव्हती अशी एकच गोष्ट उरली. आमची पेटी.

आमच्या पेटीबद्दल सांगायला हवं. सुवर्णा रोज सकाळी निहिरासाठी लेहरा वाजवायची. चंद्रकंस रागातला. निहिराचे आईबाबा साक्रीला पवनचक्क्यांवर कामाला आहेत, शनिवार-रविवारी येतात. त्यामुळे बाकीचे पाच दिवस घरात आम्ही तिघंच. उन्हाळ्यात शाळा पहाटे साडेपाचला भरून दहाला सुटते, म्हणून तेव्हा रियाझ दुपारी व्हायचा, पण व्हायचाच. आमच्या घरात, सगळ्यांच्या घरात असते तशी, घरनोंद आहे (घरातले आवाज तारखेप्रमाणे जपून ठेवणारं छोटं यंत्र). निहिराच्या सहाव्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंतचा सगळा रियाझ त्यात होता.

सुवर्णा गेल्यावर पेटी दोन महिने बंद होती. मग मी पेटीच्या पट्ट्यांवर यांत्रिक बोटं बसवली. भात्याला छोटी मोटर लावली. आणि घरनोंदीतला पाच वर्षांचा सगळा रियाझ त्या यंत्राला शिकवला. तिची बोटं कुठे जोर देतात, कुठे हलकी होतात, तबला ऐकून ती काय करते, सगळं. पहिल्यांदा पेटी वाजली तेव्हा निहिरा स्वयंपाकघरातून धावत आली. मी तिच्याकडे बघितलं नाही, तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिने तबला लावला आणि वाजवायला बसली.

त्या पेटीवर मला संशय घ्यायचा होता. मी दोन दिवस टाळाटाळ केली. निहिराच म्हणाली, “आजोबा, एका वेळी एक गोष्ट. तुम्हीच म्हणालात.”

मी माळ्यावरची पेटी काढली. म्हणजे माझी, यंत्रांची. पुलाला लावायचा एक संवेदक (कंपन टिपणारा तुकडा) तबल्याला चिकटवला, एक हार्मोनियमला. निहिराने तिहाई वाजवली. समेवर दोघं एकदम आले. माझी मान हलली. मग आम्ही पडद्यावर आलेख बघितला.

निहिरा दमात घाई करत होती. धा वाजल्यावर दीड मात्रा थांबायचं, तर ती थोडं आधीच निघायची. तिच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होती. दोन दमांत मिळून ती पाव सेकंद आधी निघत होती. पाव सेकंद म्हणजे अर्धी मात्रा. हे झालं तिचं. पण पेटीची रेघ बघितली तर पेटीनेही आपल्या मात्रा आखूड करायला सुरुवात केली होती. दमात निहिराने घाई केली, की पेटी तिच्याकडे निघायची. अर्धं अंतर पेटी पुढे यायची. मग निहिराचा कान पेटी ऐकून उरलेलं अर्धं सावरायचा. दोघं मध्येच कुठेतरी भेटायची, आणि आम्ही त्या जागेला सम म्हणत होतो.

निहिराने पडद्यावरच्या दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं.

“म्हणजे माझी तिहाई घरी पण चुकतेच?”

“हो.”

“आणि आजी ते झाकते?”

“झाकते असं नको म्हणू.”

“मग काय म्हणू?”

मी म्हणालो, “तिला तू ऐकू यायचीस. म्हणून ती यायची.”

“पण आजोबा, पेटीच माझ्याकडे येत असेल तर मी समेकडे जायला शिकणार कशी?”

हा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा चांगला होता. सरावात एक फसवणूक असते आणि ती कोणी मुद्दाम करत नाही. कोणी हात धरला की चालणं सोपं होतं. चालणं सोपं झालं की आपल्याला वाटतं, चालायला आलं. पण आपण त्या हातासकट चालायला शिकलेलो असतो. हात सुटला की कळतं, आपला तोल अजून आपला झालेला नाही. सरांच्या वर्गातल्या भिंतीतल्या यंत्राला कान नाहीत. ते कोणासाठी येत नाही.

मला यंत्रातला तो आकडा माहीत होता. तबल्याच्या चुकीकडे पेटीने किती झुकायचं, याचा आकडा. शंभर म्हणजे पूर्ण झुकायचं, शून्य म्हणजे अजिबात नाही. आमच्या पेटीचा आकडा बावन्न होता. तो मी ठरवला नव्हता. यंत्राने सुवर्णाचं वाजवणं ऐकून काढला होता.

“शून्य करा,” निहिरा म्हणाली. आणि लगेच म्हणाली, “नको. थांबा.”

मलाही तेच म्हणायचं होतं.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच काहीतरी अडकलं होतं. सुवर्णा सरळ बाई होती. भाजीत मीठ जास्त झालं तर पहिला घास घेऊन सांगायची. माझी मोजमापं चुकली तर हिशोबाचा कागद न बघता सांगायची. ती पाच वर्षं नातीची चूक सांभाळून घेत बसेल, हे मला पटेना. म्हणून मी घरनोंद पुन्हा उघडली आणि मागच्या वर्षी जे करायला हवं होतं ते आता केलं. मी तारखा बघितल्या.

मागच्या वर्षी माझं मन ठिकाणावर नव्हतं. मी पाच वर्षांच्या नोंदी एकाच ढिगात टाकून यंत्राला दिल्या होत्या. यंत्राने त्यांची सरासरी काढली. सरासरी ही कामाची गोष्ट आहे, पण ती सगळीकडे चालत नाही. निहिराला मी असं समजावलं: “तू जन्मल्यापासून आजपर्यंतच्या तुझ्या सगळ्या उंच्या घेतल्या आणि त्यांची सरासरी काढली, तर ती सहा वर्षांच्या मुलीच्या उंचीएवढी येईल. त्या मापाचा शर्ट शिवला तर तुला होईल का?”

“दगडूला होईल,” ती म्हणाली. दगडू आमचा झाडू मारणारा यंत्रमानव. गुडघ्याएवढा आहे.

मग आम्ही प्रत्येक महिन्याचा आकडा वेगळा काढला आणि कागदावर ठिपके दिले. निहिरा सहा वर्षांची असताना आकडा पंच्याण्णवच्या वर. तेव्हा पेटी पूर्ण तिच्या मागे जायची. सात वर्षांची, ऐंशीच्या आसपास. मग साठ, मग चाळीस. मधे एकदा निहिराला गोवर झाला होता, त्या महिन्यात आकडा पुन्हा वर गेला होता. बाकी रेघ खाली उतरत होती, हळूहळू, कोणाला जाणवू नये अशी. शेवटच्या महिन्यात आकडा पाच होता.

सुवर्णाने हे मला कधी सांगितलं नाही. बहुतेक मला विचारायचं सुचलं नाही म्हणून.

शेवटची नोंद ती दवाखान्यात दाखल होण्याच्या दोन दिवस आधीची होती. आम्ही ती लावली. तबला धावला, समेच्या आधी आदळला. पेटी जागची हलली नाही, आपल्या चालीने आली. मग पेटी थांबली आणि सुवर्णाचा आवाज आला.

“नाही, आता मी नाही यायची. तू वेळेवर ये.”

पाट सरकल्याचा आवाज, मग पावलं.

“ती मी,” निहिरा म्हणाली. “मला राग आला होता. मी उठून गेले होते.” मग ती म्हणाली, “दुसऱ्या दिवशी पण मी बसले नाही. मग ती दवाखान्यात गेली.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. सुवर्णाचं ते वाक्य मी तीनदा लावलं. मोजण्यासाठी एकदा पुरलं असतं.

म्हणजे चूक माझी होती. सुवर्णा नातीचा हात पाच वर्षं थोडा थोडा सोडत आली होती. एका बोटाचा आधार उरला होता. माझ्या यंत्राने सरासरी काढून तिला पुन्हा मधल्या वर्षांत नेऊन बसवलं, आणि निहिराचा हात पुन्हा घट्ट धरला. आम्हाला दोघांना ते बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून कोणी तपासलं नाही.

निहिराने कागदावरची रेघ पट्टीने पुढे ओढली. ती शून्यावर टेकली.

“चार आठवडे आहेत,” ती म्हणाली. “आजीने आकडा उतरवला असता तसाच उतरवू.”

आकडा आधी वीस केला. सुवर्णा गेल्यापासून घरात पहिल्यांदाच तिहाई चुकली. दुसऱ्या दिवशी पण. निहिराने वहीत लिहिलं: ‘दहापैकी तीन.’ तिने तबल्याची हातोडी जमिनीवर आपटली. दगडू ती उचलून कचऱ्यात टाकायला निघाला, त्याच्या मागे धावावं लागलं.

“मी मागे चाललेय,” ती म्हणाली.

“दहापैकी दहा होते तेव्हा तू जागच्या जागी उभी होतीस,” मी म्हणालो. “आता तीन आहेत, पण तिन्ही तुझे आहेत.”

मी संगीतातला नाही, म्हणून मी फक्त बघत बसलो. बघता बघता एक गोष्ट दिसली. चूक झाली की निहिरा पुन्हा अगदी पहिल्यापासून सुरू करायची. सगळी मुलं करतात. त्यामुळे पहिला तुकडा रोज शंभरदा वाजायचा आणि दुसऱ्या दमापर्यंत ती जेमतेम वीसदा पोचायची. दूध तळाला करपलंय आणि आपण पातेल्याचा काठ घासतोय, असं ते होतं. मी तिला सांगितलं, पहिला तुकडा सोड. सरळ दमापासून सुरू कर. धा, दीड मात्रा, पुढचा तुकडा. एवढंच, आणि अर्ध्या लयीत.

“अर्ध्या लयीत तर बाळं वाजवतात.”

“मग बाळासारखं वाजव. कोण बघतंय?”

अर्ध्या लयीत तिला कळलं की दमात ती काहीच करत नाही, नुसती वाट बघते. आणि नुसती वाट बघणाऱ्याला वेळ मोठा वाटतो. बसची वाट बघताना वाटतो तसा. मग तिने दमात मनातल्या मनात बोल भरायला सुरुवात केली. हात वर, आणि आत मोजणी चालू. दम आता रिकामा राहिला नाही.

दुसऱ्या आठवड्यात आकडा दहा. वहीत सहा. तिसऱ्या आठवड्यात शून्य करायचं होतं. त्या सकाळी निहिरा म्हणाली, “बटण तुम्ही दाबा.” मी दाबलं. पेटी सुरू झाली. तेच सूर, जोर देण्याच्या त्याच जागा. फक्त आता ती कोणाचं ऐकत नव्हती. निहिराने वाजवलं, चुकली, पुढे वाजवत राहिली. मी उठून झाडांना पाणी घालायला गेलो.

शून्यावर आठ आले तेव्हा आम्ही धडधडीचा विचार केला. लोकांची भीती उरली होती ना. मी निहिराच्या मनगटाला नाडी मोजणारी पट्टी बांधली. घरी ब्याऐंशी. सरांसमोर एकशे चोवीस. हृदय जोरात चालतं तेव्हा सगळ्या अंगाला घाई होते, आणि थांबलेला वेळ आहे त्याहून लांब वाटतो. म्हणजे निहिराचा दम तिथे आणखी आखूड होणार. धडधड बंद करता येत नाही. ती वाईटही नाही. काहीतरी मोठं करायचं आहे हे शरीराला कळलं, की ते जास्तीचं रक्त पाठवतं, एवढंच. पण धडधडत असताना वाजवायची सवय करता येते.

म्हणून निहिरा गच्चीचा जिना चार वेळा चढून उतरून यायची आणि धापा टाकत तबल्यावर बसायची. पाणी प्यायचं नाही, थांबायचं नाही, एकदाच वाजवायचं. कुरिअरवाल्या ताईंना आत बोलवून ऐकवलं. शनिवारी आईबाबांना. गच्चीवर, जिन्याखाली, आणि एकदा पांझरेच्या काठावर बागेत, जिथे दोन म्हातारे आपलं भांडण थांबवून ऐकत बसले आणि नंतर कोण आधी थांबला यावरून पुन्हा भांडले. प्रत्येक ठिकाणी नियम एकच. चुकलं तरी थांबायचं नाही. समोर लोक असतात तेव्हा पहिल्यापासून सुरू करता येत नाही, मग घरी तरी ती सवय कशाला?

वादन रविवारी सकाळी होतं. पेटीवर बागवान बाई होत्या. सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, “बाई स्वभावाने लोणी, पण पेटीवर बसल्या की कोणाच्या बापासाठी थांबत नाहीत.” निहिराने त्यांना वाकून नमस्कार केला. तिचे ओठ कोरडे पडलेले मला तिसऱ्या रांगेतून दिसत होते.

पहिल्या तिहाईला ती आधी आली. अर्धी मात्रा नाही, पण आली. सरांनी डोळे मिटले. माझ्या शेजारी तिच्या आईने माझा हात दाबला. निहिरा थांबली नाही. तिने एकदा बागवान बाईंच्या बोटांकडे बघितलं, खाली बघितलं आणि पुढचा कायदा (बोलांची ठरलेली बांधणी) सुरू केला.

सात मिनिटांनी दुसरी तिहाई आली. तुकडा, धा. तिचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. पाऊण सेकंद. मला ते मोजता येतं. तुकडा, धा. पुन्हा हात वर. त्या पाऊण सेकंदात तिच्याकडे कोणीही येत नव्हतं. पेटी आपल्या वाटेने चालली होती. मग हात खाली आला, शेवटचा तुकडा, आणि धा समेवर पडला. सभागृहातल्या सगळ्या माना हलल्या. माझी हलली की नाही, मला आठवत नाही.

परत येताना आम्ही बसमध्ये बसलो. मग तिने विचारलं, “आजोबा, आजी काय म्हणाली असती?”

“म्हणाली असती, पहिली चुकली.”

“हो ना!” ती एवढ्या मोठ्याने हसली की पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून बघितलं. मग ती म्हणाली, “आणि दुसरीला?”

“दुसरीला काही बोलली नसती. चहा ठेवायला उठली असती.”

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. सोमवारी निहिरा शाळेत गेल्यावर मी पेटीचा आकडा पुन्हा बावन्न केला. मला एकदा ते ऐकायचं होतं. पेटी वाजायला लागली. मी शेजारी बसून राहिलो. लेहरा सरळ फिरत राहिला, कुठे लांबला नाही, कुठे आखूड झाला नाही. पहिल्यांदा मला वाटलं यंत्र बिघडलं. मग लक्षात आलं. तबला वाजत नव्हता. ज्याच्याकडे यायचं, तोच नसेल तर बावन्न काय आणि शून्य काय, सारखंच. मी आकडा परत शून्य केला आणि पेटी झाकली.

संध्याकाळी निहिरा वर्गातून आली ती नवीन ताल घेऊन. झपताल. दहा मात्रा. टाळ्या पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेला, सहावीला हात नुसता बाजूला करायचा.

“याचा लेहरा आपल्या नोंदीत नाही,” ती म्हणाली. “आजीने माझ्यासोबत झपताल कधी वाजवलाच नाही.”

“मग भिंतीतलं यंत्र?”

“ते सरांकडे. घरी तुम्ही. मी बोल म्हणणार, तुम्ही टाळ्या द्यायच्या.”

“मला तबल्यातलं काही कळत नाही, निहिरा.”

“मला पण झपतालातलं काही कळत नाही,” ती म्हणाली. “बसा.”

मी बसलो. एकाहत्तराव्या वर्षी मांडी घालून, समोर हात धरून. पहिल्या दिवशी माझ्या दहापैकी दोन फेऱ्या बरोबर आल्या. आठव्या मात्रेची टाळी मी सारखी सातव्या मात्रेला देतो. निहिराने वहीचं नवं पान उघडून वर माझं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं: ‘उद्या सहाव्या मात्रेपासून सुरू. अर्ध्या लयीत.’